राहिला आणि उरला

सुलोचना आडेप मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले ते दाराच्या फटीतून. तेही अर्धेच. डोक्यावर हिरवी टोपी, तोंडावर मास्क आणि मधे दोन डोळे. मी मुलाखतीला गेले होते. होटगीहून निघताना काकूने हौसेने केसांत मोगऱ्याचा गजरा माळला होता. नोकरी मागायला जाताना पोरीने भुंड्या वेणीने जाऊ नये, असे तिचे म्हणणे. सोलापुरातल्या वंध्यत्व उपचार केंद्राच्या मागच्या बाजूला असलेल्या प्रयोगशाळेचे दार मी वाजवले, ते चार बोटे उघडले आणि आतून आवाज आला, "फुलं बाहेर."

मला वाटले, कोणी हारवाला आला आहे. मी मागे वळून पाहिले.

"तुम्हालाच म्हणतेय. आधी ती फुलं काढा, हात धुऊन या, मग नाव सांगा."

मी रडकुंडीला आले होते, हे आता सांगायला हरकत नाही. ज्या खोलीत स्त्रीबीज आणि गर्भ उघड्या हवेत घेतले जातात, तिथे अत्तर, फिनेल, ताजा रंग यांपैकी कशाचाच वास चालत नाही, हे मला नंतर कळले. मुलाखत संपली. संध्याकाळी निघताना मॅडमनी एक स्टीलची वाटी पुढे केली. तिच्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला माझा गजरा होता. "कुणीतरी प्रेमानं माळलाय, फेकायचा कशाला," असे म्हणाल्या. नोकरी दिली हे त्यांनी सांगितलेच नाही. "उद्या येताना केसांना वासाचं तेल नको," एवढेच म्हणाल्या, त्यावरून मी काय ते ओळखले.

आज मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि या गौरवग्रंथासाठी त्यांची विद्यार्थिनी म्हणून मी लिहावे, असे समितीने सांगितले. लिहिते आहे. पण सनई-चौघड्याच्या थाटात मला लिहिता येणार नाही, ते आधीच सांगून टाकते. मॅडम प्रयोगशाळा सोडत आहेत त्या साठी झाली म्हणून नव्हे. मधुमेहाने त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले आहेत. समोर धरलेल्या वस्तूच्या बरोबर मध्यभागी त्यांना काळा डाग दिसतो, आणि आमचे सगळे काम त्या मध्यभागातच असते. नाव सुलोचना. त्या स्वतःच म्हणतात, "वडिलांनी नाव ठेवलं, आणि आता डॉक्टर त्याला नावं ठेवतायत." आपण हसतो. त्याही हसतात.

मी लिहिणार हे कळल्यावर त्यांनी एकच अट घातली. "शालनचं लिही. ते गाळणार असशील तर माझ्यावर लिहूच नकोस." म्हणून हा लेख बराचसा शालनचाही आहे. शालन आमच्याकडे उपचाराला आलेली एक बाई, आणि हे तिचे खरे नाव नव्हे. ती म्हणाली होती, "खरं नाव लिवा की, मी काय चोरी केलीया?" मॅडमनीच नको म्हटले.

आधी मॅडमच्या कामाविषयी लिहिते, कारण गावात अजूनही पुष्कळांना वाटते की आम्ही आत बसून काचेच्या बरणीत बाळे वाढवतो.

स्त्रीबीजाला आणि त्यापासून तयार झालेल्या गर्भाला बाहेरून एक कवच असते. गर्भाला पुढे हे कवच फोडून बाहेर यावे लागते, तेव्हा तो गर्भाशयाला चिकटतो. काही वेळा कवच जाड असते, काही वेळा गोठवून ठेवल्याने कडक होते. तिथे लेसर लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली काचेची तबकडी, तबकडीत तेलाखाली थेंब, थेंबात गर्भ. पडद्यावर एक लाल ठिपका दिसतो. तो कवचाच्या कडेवर आणायचा, आतल्या पेशींपासून जेवढा लांब ठेवता येईल तेवढा लांब, आणि कळ दाबायची. खरा किरण डोळ्याला दिसतच नाही, लाल ठिपका फक्त जागा दाखवतो. पापणी लवायच्या आत तेवढ्या जागचे कवच विरते. ठिपका जरा आत सरकला तर पेशी भाजते, आणि भाजलेली पेशी कोणाला परत जोडता येत नाही. बीजात शुक्रजंतू सोडताना कवच दाद देत नसेल, किंवा तपासणीसाठी गर्भाच्या दोन-चार पेशी काढायच्या असतील, तेव्हाही हाच किरण वापरतात.

हे यंत्र आमच्याकडे आले तेव्हा सगळ्यांनाच त्याची भुरळ पडली होती. येणारी जोडपीही विचारायची, "आमाला लेसर करनार न्हवं?" मॅडम स्पष्ट सांगायच्या की लेसर म्हणजे मंत्र नव्हे, गरज नसेल तिथे कवचाला हात लावायचा नाही. केंद्राच्या डॉक्टरसाहेबांशीही त्या यावरून वाद घालायच्या आणि डॉक्टरसाहेब बहुतेक वेळा ऐकायचे. एकदा एका गृहस्थांनी आवाज खाली आणून विचारले, लेसरने मुलगाच निवडता येतो का. मॅडमनी हातमोजा काढला, बोटाने दार दाखवले आणि पुन्हा कामाला लागल्या. ते गृहस्थ बराच वेळ कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून उभे होते.

मॅडमचे घर विणकरांचे. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि अक्कलकोटकडची माणसे आली की कानडी. वडील मागावर टॉवेल विणायचे. मला पहिले काही आठवडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाला हातच लावू दिला नाही. भावाच्या मागावरचे ताण्याचे तुटके धागे आणून माझ्यापुढे टाकले. "गाठ दिसता कामा नये, अशी मार." मी मनात म्हणायची, एवढी एम.एस्सी. झाले ती टॉवेल विणायला का? पण हात हळूहळू बसला. पुढे पिपेटची बारीक काचनळी धरताना तो थरथरला नाही, त्याचे श्रेय त्या धाग्यांना आहे.

एकाग्र झाल्या की मॅडम तेलुगूत पुटपुटतात. माझ्या पहिल्याच आठवड्यात त्या लेसरवर होत्या, मी मागे उभी होते, आणि त्या म्हणाल्या, "मेल्लगा, मेल्लगा." मला ऐकू आले, मेलं गा, मेलं गा. मी बाहेर जाऊन नर्सला सांगितले की गर्भ गेला. नर्स इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. मेल्लगा म्हणजे तेलुगूत हळू, जपून. मॅडमना हे कळले तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाहेर जाऊन आईला सांगितलं नाहीस, हे नशीब. आपल्या तोंडून काय निघतं आणि समोरच्याला काय ऐकू जातं, त्यात फार अंतर असतं." ते अंतर पुढे त्यांच्याच वाट्याला येणार होते.

पुस्तकात आमच्या कामाचा शब्द भ्रूण असा आहे. मॅडम तो कधीच वापरत नसत. कारण आपल्याकडे खेड्यापाड्यांत हा शब्द लोकांनी वाचलेला असतो तो फक्त भिंतीवर, आणि त्याच्यापुढे हत्या लिहिलेले असते. "तुमचा भ्रूण" म्हटले की बायका पदर तोंडाला लावायच्या. म्हणून मॅडम सरळ गर्भ म्हणायच्या. अवघड शब्दाने माणूस बिचकतो, सोपा शब्द वापरावा, हा त्यांचा नियम. या सोपेपणानेच एकदा घात केला.

शालन मोहोळ तालुक्यातली. नवरा दत्ता, शेती आणि थोडी मेंढरे. सासू रखमाबाई, आवाजाने आणि अंगाने दणकट. लग्नाला बरीच वर्षे झालेली. उपचार झाले, तीन गर्भ तयार झाले. दोन पोटात सोडले. तिसरा जरा मागे होता, पण नंतर नीट वाढला, म्हणून तो गोठवून ठेवला. असा गर्भ ठेवला की घरी कळवायचे काम मॅडमचे. त्यांनी फोन लावला. "शालनताई का?" पलीकडून "व्हय, व्हय" असे उत्तर आले. मॅडम म्हणाल्या, "आनंदाची बातमी आहे. तुमचा एक गर्भ राहिलाय." पलीकडे एक आरोळी उठली आणि फोन बंद झाला. रेंज गेली असेल असे समजून मॅडम दुसऱ्या कामाला लागल्या. मी शेजारीच होते. मलाही त्यात काही खटकले नाही.

मराठी वाचकाला आता पुढचे सांगायला नको.

रक्ताच्या चाचणीच्या दिवशी दारात जीप येऊन थांबली, माणसांनी भरलेली. शालनची ओटी भरून झाली होती, देवाला सांगून झाले होते. मॅडम बाहेर आल्या तशा रखमाबाईंनी त्यांचा मास्क खाली ओढला आणि एक अख्खा पेढा तोंडात घातला. "बाई, आदी त्वांड ग्वाड करा."

"कशाचे पेढे?" मॅडमनी भरल्या तोंडाने विचारले.

"आवं, कशाचं काय! तुमीच म्हनला न्हवं फोनवर, गर्भ राहिलाय म्हून? मीच उचलला हुता की फोन!"

मॅडमच्या तोंडात पेढा होता. तो त्यांना गिळता येईना आणि काढताही येईना. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही. शालन जीपच्या पायरीवर बसली होती, नवे लुगडे नेसून, दोन्ही हात पोटावर ठेवून. रक्त घेतले. दुपारी निकाल आला. गर्भ राहिला नव्हता.

डॉक्टरसाहेब म्हणाले, मी सांगतो. मॅडम म्हणाल्या, "फोन मी केला होता." त्या बाहेर गेल्या आणि सगळ्यांसमोर सांगितले. पण ऐकणाऱ्यांना एवढेच कळले की आधी होता म्हणाल्या, आता नाही म्हणतात. रखमाबाई पाठ फिरवून जीपमध्ये बसल्या. जीप निघून गेली आणि पेढ्यांचे पुडे बाकावर तसेच पडले होते.

काही दिवसांनी दत्ताचा फोन आला. शालनला माहेरी पाठवले होते. गावात बोलवा उठली होती की राहिलेला गर्भ सुनेने घालवला, कडब्याच्या पेंढ्या उचलल्या, कोणाचे ऐकले नाही. जो गर्भ कधी नव्हताच, तो गेल्याचा ठपका त्या पोरीवर बसला होता. मूल न होण्याचा बोल ती सोसतच होती, आता मूल मारल्याचा बोल लागला. नवरा फोनवर रडत होता आणि आई ऐकत नाही म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम एस.टी.त बसल्या. मला म्हणाल्या, "चल." वाटेत त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि ओठ हलत होते. कोणत्या शब्दांत सांगायचे याचा सराव करत असाव्यात असे मला वाटले.

रखमाबाईंच्या अंगणात शेजारच्या बायका जमल्या. बसा कोणी म्हटले नाही. मॅडम उभ्यानेच म्हणाल्या, "शालनचा गर्भ गेलेला नाही. तो राहिलाच नव्हता. चूक माझी आहे."

"मग फोनवर काय म्हनला तुमी?" रखमाबाई म्हणाल्या. "मी भैरी हाय व्हय?"

"राहिलाय म्हणाले. म्हणजे उरलाय. तीन झाले होते, दोन पोटात सोडले, एक उरला. तो आम्ही थंड टाकीत ठेवलाय. त्याचं सांगत होते मी."

"उरलाय?" रखमाबाईंनी बायकांकडे पाहिले आणि पुन्हा मॅडमकडे. "लेकरू म्हंजी काय भाकरी हाय व्हय, उरायला?"

मॅडमनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "शब्द माझा चुकला. पण शालनची काही चूक नाही. तिनं पेंढ्या उचलल्या असत्या तरी काही झालं नसतं, कारण काही नव्हतंच. हे मी कुणापुढंही सांगायला तयार आहे. गाव गोळा करा, मी थांबते."

"तुमी शिकल्या-सवरल्याली मानसं," रखमाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज फुटला होता. "शबूद तुमचा चुकतोय, आन् भोगायचं माज्या सुनंनं?"

मॅडमनी त्यांच्यापुढे हात जोडले.

तिथून आम्ही शालनच्या माहेरी गेलो. ती दाराशी आली, तांब्याभर पाणी दिले. मॅडम तिची क्षमा मागू लागल्या तशी ती म्हणाली, "बाई, मला ठावं हुतं. पोटात काय न्हाय आसंच वाटत हुतं. पर आत्याबाई एवढ्या खूश हुत्या. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा मला म्हनल्या, बस, मी वाढते. म्हनलं, आसंल."

परतीच्या गाडीत मॅडम खिडकीला डोके टेकून बसल्या. आपण सर्वांनी त्यांच्या यशाच्या कहाण्या ऐकल्या आहेत, याच ग्रंथात त्या पुष्कळ असतील आणि त्या सगळ्या खऱ्या आहेत. पण मॅडम म्हटले की मला आठवतो तो एस.टी.च्या खिडकीला टेकलेला हा चेहरा.

त्या दिवसापासून आमच्या प्रयोगशाळेत राहिला हा शब्द बंद झाला. मॅडमनी हुकूम काढला, टाकीतल्या गर्भाला राहिला म्हणायचे नाही, उरला तर नाहीच नाही. जपून ठेवलाय, असे म्हणायचे. फोनवर बोलताना आधी पलीकडे कोण आहे ते विचारायचे, आणि आपण सांगितलेले त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यायचे. मराठीत हा शब्द न वापरता दिवस काढणे किती कठीण आहे, ते करून पाहावे. कोणाचा डबा घरी राहिला, कोणाचे काम राहिले. आम्ही जीभ चावायचो आणि "डबा घरी जपून ठेवलाय" म्हणायचो. यावर आम्ही पोरी हसायचो. मॅडम हसायच्या नाहीत, पण रागावायच्याही नाहीत.

दत्ताने शालनला परत आणले. गावातली कुजबुज मात्र पुरती थांबली नाही. टाकीतला तो एक गर्भ तसाच होता. आम्ही कळवत होतो, तिकडून उत्तर नव्हते. द्रवरूप नायट्रोजन भरायचे काम खरे तर आमचे, मॅडमचे नव्हे. पण ती एक टाकी त्या स्वतः भरायच्या. झाकण उघडले की पांढरा धूर खाली लोळायचा, आणि त्या वाकून पातळी बघत राहायच्या. मधल्या काळात त्यांची साखर वाढत होती आणि त्या दुर्लक्ष करत होत्या. मी भांडले, डॉक्टरसाहेब भांडले. दुसऱ्याच्या गर्भाचे तापमान दशांशात सांभाळणारी बाई स्वतःच्या गोळ्या विसरत होती. याचा मला आजही राग आहे आणि तो मी इथे नोंदवून ठेवते. गौरवग्रंथ असला म्हणून काय झाले?

डोळ्याच्या पडद्याला लेसर करून घ्यायला मी त्यांना घेऊन गेले होते. बाहेर आल्या त्या डोळ्यांवर काळा चष्मा लावून, माझा हात धरून. म्हणाल्या, "अश्विनी, ठिपक्याच्या त्या बाजूला आज पहिल्यांदा बसले." मी विचारले, दुखले का. म्हणाल्या, "दुखलं नाही. ती लेसर करणारी मुलगी सारखी म्हणत होती, हलू नका. मी कशाला हलतेय?" रिक्षात त्यांनी माझा हात सोडला नाही.

आणि मग काही वर्षांनी एक दिवस रखमाबाई आल्या. सोबत शालन आणि दत्ता. आवाज तोच होता, अंग मात्र ओसरले होते. मॅडमच्या अगदी पुढ्यात येऊन त्यांनी विचारले, "बाई, ते उरल्यालं हाय का अजून?"

"जपून ठेवलाय," मॅडम म्हणाल्या.

"मग द्या की तिला. मी कुनाला काय बोलनार न्हाय आता. पेढं बी आननार न्हाय."

हा त्या घराचा शेवटचा गर्भ होता. पुन्हा बीजे काढण्याची शालनची तब्येत नव्हती, तसे डॉक्टरसाहेबांनी सांगितले होते. गोठून कवच कडक झालेले असणार, म्हणजे लेसर लागणारच. आणि मॅडमना तोवर यंत्राच्या पडद्यावरचा ठिपका दिसेनासा झाला होता. डागाच्या कडेने बघून त्या चालत, जेवत, सह्या करत, पण कवचाची कड त्यांना दिसत नव्हती. त्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली आणि मला म्हणाल्या, "बस." शालनचे काम त्यांनी स्वतः करावे असे त्यांना किती वाटत असेल, ते मला ठाऊक होते. त्या एका शब्दात त्यांनी ते संपवले.

काम सुरू करण्याआधी नाव मोठ्याने पुकारायचे, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने परत म्हणायचे, ही मॅडमची पद्धत. मी शालनचे आणि दत्ताचे नाव वाचले. मॅडमनी परत म्हटले, नेहमीपेक्षा सावकाश. गर्भ वितळवला. तो जगला होता. मी बघत होते आणि मॅडमना सांगत होते, पेशी कशा आहेत, कवच कुठे जाड आहे, आत मोकळी जागा कुठे आहे. त्या माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. मी ठिपका कडेवर आणला. मागून आवाज आला, "मेल्लगा, अश्विनी. मेल्लगा." मी कळ दाबली. कवच विरले, हवे तेवढेच.

बाहेरच्या पडद्यावर गर्भ घरच्यांना दाखवतात. रखमाबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि शालनला म्हणाल्या, "साबुदाण्यागत दिसतंय गं." शालन हसली. तिला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

निकालाच्या दिवशी जीप नव्हती. तिघेच एस.टी.ने आले होते. कागद हातात घेऊन मॅडम त्यांच्यापुढे बसल्या. एवढी वर्षे टाळलेला तो शब्द आता टाळता येणार नव्हता, कारण हे सांगायला मराठीत दुसरा सरळ शब्दच नाही. त्या म्हणाल्या, "शालन, नाही राहिला."

शालनने मान हलवली. दत्ता उठून खिडकीशी गेला. रखमाबाई म्हणाल्या, "म्हंजी आता काय उरलं बी न्हाय."

"नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. एवढ्या वर्षांत त्यांना रुग्णांसमोर रडताना मी पाहिले नव्हते. रखमाबाईंनी पदराच्या टोकाने त्यांचे डोळे पुसले. जपून पुसले, कारण चष्म्याआडचे डोळे दुखणाईत आहेत हे त्यांना कोणीतरी सांगितले असावे. "उगी, बाई," म्हणाल्या. "साबुदाना बगितला की आमी. आन् गावात मी सांगते. राहिलाच न्हवता, तवा बी आन् आता बी. माज्या सुनंनं काय घालवल्यालं न्हाय."

आणि त्यांनी ते सांगितले. रखमाबाईंनी सांगितल्यावर गावात वेगळे बोलायची कोणाची छाती नव्हती. शालनवरचा तो बोल उतरला. मूल झाले नाही. शेवट गोड केला असता, पण मॅडमना खोटे वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. आता त्यांना वाचून दाखवावे लागते, आणि हा लेखही मीच वाचून दाखवणार आहे.

मॅडमच्या हाताखाली तयार झालेल्या आम्ही पोरी आज सोलापुरात आणि बाहेर ठिकठिकाणी ठिपका कडेवर आणत बसलो आहोत. फोन करताना पलीकडे कोण आहे ते आधी विचारतो. घरच्यांकडून सांगितलेले परत म्हणवून घेतो. गजरा बाहेर काढून ठेवतो आणि संध्याकाळी परत देतो. मॅडमनी आम्हाला दिलेले आहे ते असे आहे. या सगळ्याबद्दल त्यांचे आभार मानले तर त्या दार दाखवतील, म्हणून मानत नाही.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्याची प्रार्थना करायची असते. ती कोणत्या शब्दांत करावी ते मला सुचेना. मागच्या आठवड्यात शालन मॅडमना भेटायला आली होती, शेंगांची चटणी घेऊन. मॅडमना वास कळतो, नीट दिसत नाही, म्हणून तिने डबा उघडून त्यांच्या नाकापाशी धरला. निघताना मी तिला जिन्यात गाठले आणि विचारले, मॅडमच्या साठीला तुझ्याकडून काय लिहू? ती दोन पायऱ्या उतरली, थांबली आणि कठड्याला धरून वर बघत म्हणाली, "लिवा की बाई, आमचं न्हाय राहिलं. तुमी तेवढ्या राहा."